वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही : लक्ष, आठवण आणि भाषा मेंदूत कशी चालते?

गावात कुणाच्या अंगावरून वारं गेलं आणि त्याची वाचा गेली, की चार दिवसांत पारावर एक वाक्य ठरलेलं असतं, "आता त्याला काही कळत नाही." मग लोक त्याच्यासमोरच त्याच्या जमिनीबद्दल, वाटणीबद्दल, दवाखान्याच्या खर्चाबद्दल मोठमोठ्यानं बोलायला लागतात. जणू तो माणूस तिथं नाहीच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी घरचे म्हणतात, "उगाच रडतो, समजत काही नाही."

खरं तर अशा कितीतरी माणसांना समजत असतं, बोलता मात्र येत नसतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक कळला तर घरातल्या माणसाशी आपण वागतो कसं ते बदलतं आणि कधी कधी जीवही वाचतो. म्हणून आजचा हा लेख.

आपल्या बोलण्यात 'डोकं' हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. पोराला अभ्यास जमला नाही तर त्याला डोकं नाही. लक्ष लागत नसेल तर डोकं ठिकाणावर नाही. म्हातारं माणूस विसरायला लागलं तर त्याचं डोकं काम करत नाही. पण मेंदूचा अभ्यास करणारे दीडशेहून जास्त वर्षांपासून सांगत आलेत की लक्ष देणं, लक्षात ठेवणं आणि बोलणं-समजणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. ती एकमेकांच्या मदतीनं चालतात हे खरं, पण एक बंद पडलं म्हणून बाकीची बंद पडतातच असं नाही.

कांद्याच्या लिलावात तुमचा मेंदू काय करतो?

समजा तुम्ही ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत उभे आहात. चारी बाजूंनी गलका चाललाय. पण व्यापारी तुमच्या ट्रॉलीपाशी आला की तुमचे कान फक्त त्याच्या बोलीकडं लागतात. हे झालं लक्ष. तो भाव बोलतो, तुम्ही तो आकडा मनात धरता, मागच्या आठवड्याचा भाव आठवता, डिझेल आणि मजुरीचा हिशोब लावता. ही झाली आठवण. मग तुम्ही तोंडानं म्हणता, "एवढ्यात परवडत नाही शेठ." ही झाली भाषा. पाच-दहा सेकंदांत तिन्ही कामं होतात, आणि आपल्याला वाटतं की आपण एकच काम केलं.

हे करणारा मेंदू वजनाला साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. त्यात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांना रक्तातून साखर आणि प्राणवायू सतत लागतो. पिकाला आठ दिवस पाणी नसलं तरी ते तग धरतं. मेंदूला काही मिनिटं रक्त मिळालं नाही तर पेशी मरायला लागतात, आणि मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. पाट फुटला की त्याच्या खालचंच वावर कोरडं राहतं, तसंच इथं होतं. ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटला त्या भागाचंच काम अडतं.

भाषा : 'टॅन' एवढंच बोलणारा माणूस

हे पहिल्यांदा ठामपणे दाखवलं ते पॅरिसमध्ये, १८६१ साली. तिथल्या बिसेत्र नावाच्या रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण वीस वर्षांहून जास्त काळ होता. त्याला काहीही विचारा, तो फक्त 'टॅन, टॅन' म्हणायचा. म्हणून त्याचं नावच टॅन पडलं होतं. पण विचारलेलं त्याला बरंच कळत असे आणि हातवाऱ्यांनी तो उत्तरही देई. तो वारल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात एक मोठी जखम होती. बोलण्यासाठी शब्दांची जुळवाजुळव करण्याचं काम या भागाशी जोडलेलं आहे असं ब्रोकांनी मांडलं. आजही त्या भागाला 'ब्रोकाचा भाग' म्हणतात.

पुढं १८७४ मध्ये जर्मनीतल्या कार्ल वेर्निके या तरुण डॉक्टरांनी याच्या उलटे रुग्ण दाखवले. ते घडाघडा बोलत, आवाजाचा चढ-उतारही बरोबर, पण बोलण्याला अर्थ नसे, आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना नीट कळत नसे. त्यांच्या मेंदूत बिघाड होता तोही डाव्या बाजूलाच, पण मागं, कानाच्या वरच्या-मागच्या अंगाला.

म्हणजे वाचा जाण्याचेही प्रकार आहेत. एकाला समजतं पण बोलता येत नाही. दुसऱ्याला बोलता येतं पण समजत नाही. काहींचं दोन्ही जातं. डॉक्टर या सगळ्याला 'अफेजिया' म्हणतात. आता हेही माहीत झालंय की भाषा या दोनच जागांवर चालत नाही. अनेक भाग आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचं मोठं जाळं त्यासाठी काम करतं. पण उजव्या हातानं काम करणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांत हे जाळं मुख्यतः डाव्या बाजूला असतं, हे पक्कं आहे.

मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूला चालवते. म्हणूनच तुम्ही बघितलं असेल, उजवा हात-पाय लुळा पडला की पुष्कळदा वाचाही जाते. डावा हात-पाय गेलेल्या माणसाचं बोलणं कधी जड होतं, बोबडं होतं, पण शब्द आणि वाक्यं सहसा शाबूत राहतात.

भाषा म्हणजे नुसता आवाज नव्हे, याचाही भक्कम पुरावा आहे. जन्मापासून ऐकू न येणारी, हातांच्या खुणांची भाषा बोलणारी माणसं असतात. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर त्यांची खुणांची भाषा बिघडते. हात हलतात, पण खुणांची वाक्यं जुळत नाहीत. म्हणजे मेंदूच्या दृष्टीनं जिभेनं बोललेली आणि हातानं बोललेली, दोन्ही भाषाच. गावातल्या मुक्या-बहिऱ्या पोराला 'मंद' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता घरोघरचा एक प्रश्न. "शिव्या तर बरोब्बर देतो, आरती म्हणतो, एक ते वीस मोजतो, मग बोलत का नाही? मुद्दाम करतो." मुद्दाम नाही करत. वर्षानुवर्षं घोकलेलं, सवयीचं बोलणं आणि नवीन वाक्य तयार करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आरती, अभंग, पाढे, वारांची नावं आणि रागात निघणारी शिवी आपोआप बाहेर पडते. "मला पाणी नको, चहा पाहिजे" हे मात्र नव्यानं जुळवावं लागतं, आणि तिथंच गाडी अडते. गाण्याच्या चालीवर शब्द म्हणवून घेत बोलणं परत आणायची एक उपचारपद्धतही यातूनच निघाली आहे.

अशा माणसाशी कसं बोलावं? टीव्ही बंद करा. एका वेळी एकानंच बोला. वाक्य लहान ठेवा. "चहा घेणार का पाणी?" असं विचारण्यापेक्षा आधी "चहा?" विचारा, वस्तू दाखवा, मान हलवायला वेळ द्या. ओरडू नका, तो बहिरा झालेला नाही. त्याचं वाक्य घाईनं तुम्ही पुरं करू नका. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखं बोलू नका. आणि त्याला किती समजतं ते डॉक्टरांनी किंवा वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञानं तपासल्याशिवाय कुठल्या कागदावर अंगठा घ्यायची घाई तर मुळीच करू नका. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, पण सराव चालू ठेवला तर नंतरही होत राहते. मुंबईत वांद्र्याला असलेली अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणाच्या उपचारांचंच काम करते. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात स्पीच थेरपिस्टची सोय आहे का, हे आधी विचारून घ्या.

लक्ष : उघड्या डोळ्यांनी न दिसणं

आपल्याकडं घर, शेत, दूध, पोरं सगळं एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईला कौतुकानं 'अष्टावधानी' म्हणतात. कौतुक रास्तच आहे. पण मेंदू एका वेळी आठ गोष्टींकडं पूर्ण लक्ष देत नसतो. तो एकीकडून दुसरीकडं झटपट उड्या मारतो. प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो आणि थोडं काहीतरी सुटतं.

१९५३ मध्ये कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञानं माणसांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळी बोलणी ऐकवली आणि एकाच कानाकडं लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय बोललं गेलं ते लोकांना जवळजवळ काहीच सांगता आलं नाही. पुढं १९५९ च्या एका प्रयोगात त्या दुसऱ्या कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तेव्हा साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. यात्रेच्या गर्दीत बाकी काही कळत नसलं तरी कुणी आपल्या नावानं हाक मारली की मान वळते, ती यामुळंच. मेंदूच्या दारावर एक राखणदार बसलेला असतो. तो बहुतेक सगळं बाहेरच अडवतो, महत्त्वाचं वाटेल तेवढं आत सोडतो.

डोळ्यांचंही तेच. १९९९ मध्ये अमेरिकेत डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. काही जण चेंडू एकमेकांकडं टाकत होते. पांढऱ्या कपड्यातल्यांनी चेंडू किती वेळा टाकला ते मोजायचं होतं. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेला माणूस खेळणाऱ्यांमधून चालत गेला, मधोमध थांबून छाती बडवून गेला. मोजण्यात गुंतलेल्या जवळपास निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. त्यांचे डोळे ठणठणीत होते. लक्ष दुसरीकडं होतं, एवढंच.

"मला समोरून येणारी मोटरसायकल दिसलीच नाही हो," असं अपघात करणारा म्हणतो, तेव्हा तो दर वेळी खोटंच बोलत असतो असं नाही. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात, पण लक्ष फोनमधल्या माणसाकडं असतं. फोन कानाला न लावता हेडफोन लावला तरी धोका जात नाही, असं गाडी चालवण्यावर झालेल्या अभ्यासांत दिसून आलंय. कारण अडचण हाताची नाही, लक्षाची आहे. ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, मळणीयंत्र, रोटाव्हेटर, यातलं काहीही चालू असताना फोन आला तर आधी यंत्र बंद करा, मग बोला. कुट्टीत बोटं जायला एक सेकंद पुरतो.

लक्षाचाही एक वेगळा आजार असतो, आणि तो ओळखू न आल्यामुळं घरात भांडणं होतात. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की काही माणसांचं आपल्या डाव्या बाजूकडं लक्षच जात नाही. डोळा चांगला असतो, पण ताटाच्या उजव्या अर्ध्यातली भाकरी खातात आणि डाव्या अर्ध्यातली भाजी तशीच ठेवतात. वर म्हणतात, "भाजी वाढलीच नाही." दाढी करतात ती एकाच गालाची. घरच्यांना वाटतं नखरे करतो. तो नखरे करत नाही, त्याच्या लेखी डावीकडचं जगच नाहीसं झालेलं असतं.

इटलीतल्या मिलान शहरातल्या दोन रुग्णांवर १९७८ मध्ये याचा मोठा सुंदर अभ्यास झाला. त्यांना सांगितलं, तुम्ही शहरातल्या मोठ्या चर्चच्या चौकात एका टोकाला उभे आहात असं समजा आणि काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी प्रामुख्यानं उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता समोरच्या टोकाला जाऊन उभे आहात असं समजा. आता त्यांनी मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या, कारण आता त्या उजवीकडं आल्या होत्या! म्हणजे चौक त्यांच्या आठवणीत पुरा होता. त्यातल्या डाव्या बाजूकडं तेवढं लक्ष जात नव्हतं. लक्ष आणि आठवण वेगळी आहेत ती अशी. घरी असा रुग्ण असेल तर अर्धं जेवण झाल्यावर ताट फिरवून द्या. सुरुवातीला रस्त्यावर एकट्याला सोडू नका. आणि डावीकडं बघायची आठवण मायेनं करून देत राहा, सरावानं फरक पडतो.

आठवण : एकच कणगी नाही

आता आठवणीचं. आपल्याला वाटतं की आठवणी एका कणगीत भरून ठेवलेल्या असतात आणि म्हातारपणी कणगी गळायला लागते. तसं नाही. हे जगाला कळलं ते हेन्री मोलायसन या अमेरिकन माणसामुळं. त्याला फार जोराच्या आकड्या यायच्या. १९५३ मध्ये तो २७ वर्षांचा असताना डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला. त्यात 'हिप्पोकॅम्पस' नावाचा, समुद्रघोड्यासारखा दिसणारा भाग होता. आकड्या पुष्कळ कमी झाल्या, पण त्या दिवसापासून नवीन घडलेली गोष्ट त्याच्या लक्षात राहीनाशी झाली. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळानं परत आला की त्याच्यासाठी नवाच.

पण बघा, त्याचं बोलणं चांगलं होतं, बुद्धी चांगली होती, लहानपणच्या गोष्टी आठवत होत्या. पुढं ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. हे काम अवघड असतं, हात उलटाच जातो. तीन दिवसांच्या सरावात त्याचा हात चांगला बसला. मात्र आपण हे आधी कधी केलंय, हे त्याला दर वेळी आठवत नव्हतं. म्हणजे घडलेली घटना लक्षात ठेवणारी आठवण वेगळी आणि हाताला वळण लावणारी आठवण वेगळी. हा माणूस २००८ मध्ये ८२ व्या वर्षी वारला. तोवर जगाला त्याचं पुरं नावही माहीत नव्हतं, पण मेंदूच्या अभ्यासाला त्यानं दिलं तेवढं फार थोड्यांनी दिलं असेल.

घरात याचा उपयोग आहे. स्मृतिभ्रंशाचा जो सगळ्यात जास्त आढळणारा आजार आहे, अल्झायमर, तो सुरुवातीला याच हिप्पोकॅम्पसच्या भागाला पकडतो. म्हणून आजी सकाळी काय जेवली ते विसरते आणि चाळीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ तपशिलासकट सांगते. आजोबा नातवाचं नाव विसरतात, पण म्हशीची धार अचूक काढतात. अशा माणसाला "हे आठवतं मग ते का नाही?" म्हणून टोचू नका. उलट हाताला येणारं काम, शेंगा फोडणं, वाती वळणं, त्यांच्याकडं राहू द्या. त्यात त्यांचा मान राहतो.

विसरणं आणि विसरण्याचा आजार यात फरक आहे. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वयानं होतं. रोजच्या वाटेनं घरी येताना रस्ता चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणं, पैशाचा हिशोब एकदम न जमणं, हे दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडणं, थायरॉइड, मनाची उदासी, यामुळंही विसरायला होतं आणि यावर उपचार आहेत. 'वय झालं' म्हणून सोडून दिलं तर बरं होण्यासारखं दुखणंही अंगावर राहतं.

पोरांच्या अभ्यासाला यातलं काय कामाचं?

चालू कामासाठी मेंदू थोड्याच गोष्टी एका वेळी हातात धरतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये त्यांची संख्या सातच्या आसपास सांगितली होती. नंतरच्या संशोधनात ती चारच्या जवळ निघाली. मोबाइलचा दहा आकडी नंबर आपण तुकडे पाडून सांगतो तो यासाठीच. म्हणून पोराला एका दमात "गुरांना पाणी पाज, मोटर बंद कर, दुकानातून साखर आण, येताना काकाला निरोप दे, आणि पाचशेची मोड घेऊन ये" असं सांगितलं आणि तो दोन गोष्टी विसरला, तर तो मठ्ठ ठरत नाही.

जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. त्यावर उपाय म्हणजे थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी. पण उजळणी म्हणजे पुस्तक परत परत वाचणं नव्हे. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी धडा परत परत वाचला. काहींनी वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते. पण आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढं निघाले.

यासाठी क्लास लागत नाही, पैसे लागत नाहीत. धडा वाचल्यावर पोराला म्हणावं, "पुस्तक मिट आणि मला सांग." तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालतं. ऐकणारं कुणीतरी असलं म्हणजे झालं. मग त्यानं पुस्तक उघडून काय सुटलं ते बघावं. आणि दहावी-बारावीच्या पोरांना झोपू द्या. दिवसभर शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेतच करतो. रात्रीची वीज आली म्हणून ऐन परीक्षेत पोराला पाणी धरायला वावरात पाठवलं, तर त्या रात्रीबरोबर आदल्या दिवसाचा अभ्यासही पाण्यात जातो.

डोळ्यांनी बघितलेली साक्षसुद्धा बदलते

आठवण म्हणजे फोनमधला व्हिडिओ नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती थोडी नव्यानं जुळवतो. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. एका गटाला विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या गटाला विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या गटानं वेग जास्त सांगितला. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळून चुराडा' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले. 'लागल्या' ऐकलेल्या ५० जणांत असे ७ निघाले. एका शब्दानं आठवणीत काच घातली.

बातमीदार म्हणून मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. अपघाताच्या ठिकाणी "ट्रकवाला दारू प्यालेला होता ना?" असं विचारलं तर गर्दीतून हो म्हणणारे निघतातच. विचारायचं ते एवढंच, "काय झालं ते सांगा." बांधाच्या वादात, भावकीच्या भांडणात, तंटामुक्तीच्या बैठकीतही हाच नियम लावावा. दोन सख्खे भाऊ एकाच प्रसंगाबद्दल वेगवेगळं सांगतात तेव्हा त्यातला एक लबाडच असला पाहिजे असं नाही. बोलणं ताजं असताना कागदावर उतरवून ठेवणं, हाच त्यावरचा चांगला उपाय.

झटका ओळखा, घड्याळ बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका अंदाजानुसार मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. देवऋषी, उतारा, लिंबू, "सकाळपर्यंत बघू", यात जो वेळ जातो तो त्या पेशींचा असतो. खुणा अशा आहेत :

१. हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडं होतंय का?

२. दोन्ही हात समोर वर धरायला सांगा. एक हात खाली येतोय का?

३. साधं वाक्य बोलायला सांगा. जीभ जड झालीय, शब्द सापडत नाहीत, भलतंच बोलतोय?

४. अचानक तोल जाणं किंवा डोळ्यांपुढं एकदम अंधारी येणं.

यातली एक जरी खूण अचानक दिसली तरी लगेच १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा कधी चांगला होता ती वेळ कागदावर लिहा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, कारण गिळण्याची ताकद गेलेली असली तर ते श्वासनलिकेत जातं. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. झटका गुठळीनं आला की रक्तस्रावानं, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा, तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

तुमच्या गावापासून सीटी स्कॅन असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथं पोहोचायला किती वेळ लागतो, हे आज, सगळं ठीक असतानाच विचारून ठेवा. वरच्या चार खुणा आणि १०८ हा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दूध डेअरीत, ग्रामपंचायतीत, रेशन दुकानाच्या भिंतीवर चिकटवता आला तर उत्तम. गावाचा त्यात दहा रुपयेही खर्च नाही.